खुराक: ताटातला आणि डब्यातला



या व्याख्यानमालेचे चिटणीस निमंत्रण घेऊन आमच्या युनियनच्या कचेरीत आले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही त्यांना सांगितले, की आम्हांला स्नायू वाढविणाऱ्या पूरक आहारावर बोलावयाचे आहे. ते क्षणभर आमच्या दंडाकडे पाहत राहिले. आता आपणही पाहत आहात. या दंडाच्या बळावर या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही, हे आम्ही आधीच कबूल करतो. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांवर आणि रात्रपाळी संपल्यावर सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा आज येथे उभा आहे तो डॉक्टर नाही की पहिलवान नाही. वेतनकरार कलमाकलमाने वाचण्याची सवय असलेला एक माणूस डब्यावरचे लेबल वाचू लागला, आणि त्याला जे समजले ते तो आपणांसमोर मांडणार आहे.

हा विषय आमच्या वाट्याला कसा आला ते प्रथम सांगितले पाहिजे. औद्योगिक वसाहतीतील एका गोदामात कंत्राटदाराकडे माल चढविण्या-उतरविण्याचे काम करणारा बावीस वर्षांचा एक मुलगा आमच्या युनियनचा सभासद आहे. त्याला व्यायामाची आवड. पाळी सुटली की तो व्यायामशाळेत जाई. एकदा पगाराच्या दिवशी त्याच्या पिशवीत तीन हजारांचा पावडरीचा डबा आम्ही पाहिला आणि आमचे डोके फिरले. दुसऱ्या दिवशीच्या गेटसभेत, त्याचे नाव न घेता पण सर्वांना कळेल अशा रीतीने, आम्ही म्हणालो, "पावडर खाऊन कोणी मर्द होत नाही." लोक हसले. आम्हांलाही आपण मोठे मार्मिक बोललो असे वाटले.

त्यानंतर चार महिन्यांनी त्याची आई कचेरीत आली. मुलाचे पाय सुजले होते आणि रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी विचारले, काय काय घेतोस ते सगळे घेऊन ये. तेव्हा डब्याबरोबर एक लहान बाटलीही निघाली. तिच्यावर लेबल नव्हते. व्यायामशाळेतच कोणी तरी 'लवकर फरक पडेल' म्हणून दिलेल्या गोळ्या त्या. मुलाला आम्ही विचारले, "अरे, मला का नाही दाखवल्यास?" तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही हसला असता." आणि त्याची आई म्हणाली, "दादा, डब्याचे पैसे जमेनात म्हणून मी घरातलं एक लिटर दूध अर्ध्यावर आणलं."

ही दोन वाक्ये आम्हांला फार दिवस झोपू देईनात. आम्ही हसलो म्हणून मुलाने गोळ्या लपविल्या, आणि दुधापासून केलेली पावडर घेण्यासाठी त्या घराने दूध कमी केले. त्या दिवशी आम्ही ठरविले, की या डब्याला हसावयाचे नाही आणि त्याच्यापुढे वाकावयाचेही नाही. त्याचा हिशेब मांडावयाचा.

हिशेबाला सुरुवात मूळापासून करू. अंगमेहनत करणाऱ्याला प्रथिने अधिक लागतात, कारण काम करताना स्नायूच जळतो, असे एकोणिसाव्या शतकात लीबिगसारखा मोठा रसायनशास्त्रज्ञ मानीत असे. १८६५ साली फिक आणि व्हिसलिसेनस या दोघा शास्त्रज्ञांनी याची परीक्षा पाहिली. प्रथिने वर्ज्य करून, केवळ पिठूळ व स्निग्ध पदार्थ खाऊन ते स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हा डोंगर चढले. चढताना आणि नंतर त्यांनी आपल्या लघवीतील नत्र मोजले. शरीरात जळलेल्या प्रथिनांपासून जेवढी शक्ती मिळू शकली असती, तिच्याहून डोंगर चढण्याला लागलेली शक्ती कितीतरी जास्त भरली. म्हणजे कामाचा कोळसा तांदूळ, भाकरी आणि तेल हा होय. प्रथिने म्हणजे यंत्राच्या दुरुस्तीचे सामान. आणि कोळसा कमी पडला, तर शरीर ते दुरुस्तीचे सामानच भट्टीत घालते. अर्धपोटी राहून जो पावडर पितो, तो महागडे सागवान चुलीत जाळतो.

आमच्या चळवळीत हा कोळशाचा हिशेब जुना आहे. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनाने किमान वेतनाचे जे निकष ठरविले, त्यांत डॉ. आक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे दर प्रौढ माणसामागे रोज २७०० उष्मांक धरले होते. हे आक्रॉइड कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. २७०० हा आकडा आम्ही किती वाटाघाटींत टेबलावर आपटला असेल याला गणती नाही. पण आपल्या माणसाच्या ताटात प्रथिने किती आहेत, हे त्या मुलाचे प्रकरण होईपर्यंत आम्ही एकदाही मोजले नव्हते.

ते आता मोजू. माणूस साठ किलो वजनाचा धरा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे प्रमाण प्रसिद्ध केले, त्याप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे आपल्या माणसाला पन्नास ग्रॅम. वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्याला याहून अधिक लागतात. किती अधिक? २०१८ साली ४९ प्रयोग आणि १८६३ माणसे एकत्र धरून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिने वाढविल्याने फायदा होतो, त्यापुढे सरासरीने होत नाही, असे त्यात आढळले. आपल्या माणसाला ९६ ग्रॅम झाले. त्याच आढाव्यातली दुसरी गोष्ट डब्याच्या जाहिरातीत कधी दिसत नाही. व्यायाम दोघांनीही केला, एकाने वरून प्रथिने घेतली, दुसऱ्याने घेतली नाहीत, तर घेणाऱ्याचे चरबीविरहित वजन सरासरीने अवघे ३०० ग्रॅम अधिक वाढले. बाकीची सारी कमाई व्यायामाची होती.

आता त्याच्या ताटात काय आहे? दिवसाकाठी पाव किलो कणीक किंवा भाकरीचे पीठ, त्यांतून सुमारे २६ ग्रॅम. शंभर ग्रॅम तांदूळ, ८ ग्रॅम. चाळीस ग्रॅम तूरडाळ, ९ ग्रॅम. चहातले दूध शंभर मिलिलिटर, ३ ग्रॅम. बेरीज ४६. जगण्यापुरते जेमतेम आहे. स्नायू वाढवावयाचे तर ५० ग्रॅमांची तूट आहे. ही तूट खरी आहे, हे मान्य केले पाहिजे. 'आपले वरणभात-पोळी पूर्णान्न आहे, वर काही नको' असे आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांनी मुलांना सांगणे हेही अर्धेच खरे.

पण ही तूट भरून काढण्याचे मार्ग वाण्याच्या दुकानातही आहेत. पन्नास ग्रॅम फुटाणे, १० ग्रॅम. पन्नास ग्रॅम शेंगदाणे, १२. दोन अंडी, १३. अर्धा लिटर दूध, १६. एकूण ५१. तूट संपली. अंडी चालत नसतील त्याने पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घ्याव्यात. त्यांत २५ ग्रॅमांहून अधिक प्रथिने असतात. ज्याला मासळी चालते त्याला शंभर ग्रॅम मासळीत वीसेक ग्रॅम मिळतात, आणि सुक्या बोंबलात पाणीच नसल्यामुळे वजनाच्या मानाने कितीतरी जास्त. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते ते डाळ पुरविते, आणि डाळीत मेथिओनिन कमी असते ते धान्य पुरविते. पिठले-भाकरी एकत्र आणणाऱ्या आमच्या आज्यांनी हे रसायनशास्त्र वाचले नव्हते, पण जोडी अचूक लावली. जुन्या तालमीतल्या थंडाईबद्दलही आम्हांला आदर आहे, पण हिशेब तिलाही चुकलेला नाही. दहा बदामांत प्रथिने जेमतेम अडीच ग्रॅम. पहिलवानाचे अंग भरत होते ते दुधातुपाने आणि पहाटेच्या जोर-बैठकांनी.

भाव गावोगाव निराळे, म्हणून आम्ही फक्त रीत सांगतो. वस्तूची किंमत तिच्यातल्या प्रथिनांच्या ग्रॅमांनी भागावी. समजा, किलोचा डबा तीन हजारांचा आहे आणि त्यात ८०० ग्रॅम प्रथिने आहेत. एका ग्रॅमला पावणेचार रुपये पडले. अंडे सात रुपयांचे धरले तर ग्रॅमला एक रुपयाच्या थोडे वर. दूध साठ रुपये लिटर धरले तर दोन रुपयांच्या आत. शेंगदाणे किलोला एकशेसाठ धरले तर सत्तर पैशांच्या आत, आणि सोयावडी दीडशेने धरली तर तीस पैसे. दूध-अंड्यांतली प्रथिने शरीराला डाळीसोयाच्या मानाने अधिक लागू पडतात, हे खरे. तेवढी सूट दिली तरी फरक उरतोच.

मग डबा अगदीच निरुपयोगी का? नाही. ज्याला व्हे म्हणतात ती पावडर, म्हणजे दुधाचे चीज केल्यावर जे हिरवट पाणी उरते त्यातली प्रथिने. दुधातील प्रथिनांचा साधारण पाचवा हिस्सा या पाण्यात असतो. परदेशात चीजचे कारखाने एके काळी ते फेकून देत. हे प्रथिन उत्तम आहे आणि लवकर पचते. ज्याला पाळीमुळे वेळेवर जेवता येत नाही, ज्याची भूक कमी आहे, त्याला ते सोयीचे. सोयीला किंमत द्यावी, चमत्काराला देऊ नये. राष्ट्रीय पोषण संस्थेने तर २०२४ च्या आपल्या आहारविषयक मार्गदर्शनात, शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असेच सांगितले आहे.

दुसरी वस्तू क्रिएटिन. येथे आम्हांला आमची गेटसभा मागे घ्यावी लागते, कारण ही पावडर खरोखर काम करते. १८३२ साली शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ती मांसाच्या अर्कातून वेगळी केली. आपले शरीर स्वतः रोज सुमारे एक ग्रॅम क्रिएटिन तयार करते, आणि मांसमासळीतूनही थोडे मिळते. जड पोते एका झटक्यात उचलताना पहिल्या काही सेकंदांची शक्ती स्नायूतल्या या साठ्यातून येते. रोज तीन ते पाच ग्रॅम घेतले तर काही आठवड्यांत साठा भरतो, दोनचार उचली जास्त होतात, आणि त्या जादा उचलींनी स्नायू वाढतो. शाकाहारी माणसाचा साठा मुळात कमी असल्यामुळे त्याला फरक अधिक जाणवू शकतो. सुरुवातीला वजन किलोभर वाढते ते बहुतांशी पाण्याने. तो स्नायू समजू नये. साधे 'क्रिएटिन मोनोहायड्रेट' घ्यावे. त्याची महागडी भावंडे त्याच्याहून सरस ठरलेली नाहीत. निरोगी माणसाच्या मूत्रपिंडाला एवढ्या मात्रेने अपाय झाल्याचे आढळलेले नाही. मात्र रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा त्याने वाढू शकतो, म्हणून तपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगावे. मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब, मधुमेह असेल त्याने आणि अठरा वर्षांखालील मुलाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

बाकीची यादी लवकर उरकते. बी.सी.ए.ए. नावाने विकतात ती तीन अमिनो आम्ले. शरीराला बाहेरून नऊ लागतात. घर बांधावयास तीन सुतार आले आणि गवंडी कोणीच नाही, तर भिंत उठत नाही. ज्याला पुरेशी प्रथिने मिळतात त्याला ही तीन आधीच मिळालेली असतात. ग्लुटामिनचा निरोगी माणसाच्या स्नायूला उपयोग दिसून आलेला नाही. पुरुषी संप्रेरक वाढवते म्हणून गोखरू विकतात. निरोगी तरुणांवरील चाचण्यांत तसे आढळले नाही. वजन वाढविण्याच्या मोठ्या डब्यांत बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन असते, म्हणजे साखरेसारखेच झटपट पचणारे पिष्ट. ते दोन केळी आणि एका भाकरीने स्वस्तात होते. व्यायामापूर्वीच्या रंगीत पावडरींचा जोर मुख्यतः कॅफिनचा, आणि कॅफिन आपल्या चहातही आहे. आणि लेबल नसलेली गोळी किंवा सुई ही पूरक आहार नव्हेच. ती बहुधा संप्रेरकाची असते. तिने हृदय, यकृत आणि संततीची शक्ती यांवर घाला येतो.

आता लेबल. वेतनकरार सहीपूर्वी वाचावा तसे ते वाचावे. पहिले कलम, घटकांची यादी. जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो यादीत पहिला येतो. प्रथिनांच्या डब्यात पहिली साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर डबा खाली ठेवावा. दुसरे कलम, शंभर ग्रॅमांत प्रथिने किती. चमचा लहानमोठा करता येतो, शंभर ग्रॅम करता येत नाहीत. तिसरे, 'खास मिश्रण' म्हणून घटकांची नुसती नावे असतील आणि वजने नसतील, तर ते आम्ही कोऱ्या कागदावरची सही समजतो. चौथे, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत, 'औषधी उपयोगासाठी नाही' ही सूचना, आणि परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचे नाव. पाचवे, पावती. जो पावती देत नाही त्याच्याकडून खिळासुद्धा घेऊ नये.

एवढे करूनही लेबल खोटे बोलू शकते, आणि ते कसे हे समजून घेण्यासारखे आहे. १८८३ साली केल्डाल या डॅनिश शास्त्रज्ञाने अन्नातील नत्र मोजण्याची रीत शोधली. प्रथिनांत साधारण सोळा टक्के नत्र असते, म्हणून मिळालेल्या नत्राला ६.२५ ने गुणले की प्रथिने निघतात. पण ही रीत नत्र मोजते. ते नत्र कोठून आले हे ती विचारीत नाही. म्हणून कोणी पावडरीत ग्लायसिनसारखे स्वस्त अमिनो आम्ल मिसळले, तर कागदावर प्रथिने वाढतात आणि अंगात वाढत नाहीत. याच फटीतून २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन घातले गेले. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली आणि सहा बालके दगावली. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासून २०२४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जवळजवळ सत्तर टक्क्यांवर प्रथिनांचा आकडा चुकीचा होता, काहींत सांगितल्याच्या निम्मीच प्रथिने होती, आणि सुमारे चौदा टक्क्यांत बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले.

यावर एकट्या गिऱ्हाइकाचे काही चालत नाही, आणि युनियनचा माणूस म्हणून आमचे येथे थोडे ऐका. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या चाळिसाव्या कलमाने साध्या ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेण्याचा हक्क दिला आहे. मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. माल नियमात बसला नाही तर फी परत मिळते. एकाला फी जड जाईल, पण एका व्यायामशाळेत डबा घेणारी वीस मुले तरी असतात. त्यांनी वर्गणी काढावी. 'आम्ही हा डबा तपासणार आहोत' हे वाक्य दुकानात मोठ्याने म्हटले, तरी पुष्कळ काम होते.

आणखी दोन पूरके आहेत, ती डब्यात मिळत नाहीत. एक म्हणजे चढते ओझे. १९४५ च्या सुमारास डॉ. डिलॉर्म यांनी अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांना हळूहळू वजन वाढवीत व्यायाम देऊन दुबळे पाय बळकट केले. आजच्या व्यायामशाळेची पद्धत त्याच तत्त्वावर चालते. आता कोणी म्हणेल, गोदामातला हमाल तर दिवसभर ओझे उचलतो, त्याला व्यायाम कशाला? दिवसभर तेच ओझे उचलण्याने अंग झिजते. मोजकेच उचलून, ओझे वाढवीत नेऊन, मध्ये विसावा दिला तर ते वाढते. दुसरे पूरक म्हणजे विसावा. ओझ्याने स्नायूला कामाला लावले, की त्याची बांधणी पुढचा एकदोन दिवस चालू राहते, आणि त्यासाठी झोप लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळवून दिली. ती सुटी ज्या मुलाला आज ओव्हरटाइमपायी विकावी लागते, त्याला कोणताही डबा ती परत देऊ शकत नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचारल्याशिवाय आपण आम्हांला जाऊ देणार नाही. गोळ्या बंद केल्या. सूज उतरली. रक्तदाब खाली यावयास कित्येक महिने लागले, आणि त्या गोळ्यांत काय होते हे आम्हांला आजही ठाऊक नाही. घरात दूध पुन्हा लिटरभर येते. तो व्यायामशाळेत जातो, क्रिएटिनचा एक साधा डबा डॉक्टरांना विचारून घेतो, आणि पिशवीत फुटाणे-शेंगदाण्यांची पुरचुंडी असते. गेल्या वाटाघाटींत आम्ही प्रथमच अशी मागणी घातली, की चार वाजताच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी उकडलेले अंडे किंवा मूठभर चणे मिळावेत. पलीकडचे साहेब हसले. आम्ही त्यांच्यापुढे ४६ आणि ९६ हे दोन आकडे ठेवले. चणे मिळाले. अंड्यावर बोलणे अजून चालू आहे.

नंतरच्या एका गेटसभेत त्या मुलापुढे आम्ही चारचौघांत चूक कबूल केली. आज आपणांलाही एवढीच विनंती आहे. घरातल्या मुलाने डबा आणला तर हसू नका. त्याच्याशेजारी बसा, लेबल वाचा, आणि त्याच्या ताटातली बेरीज त्याच्याकडूनच करून घ्या.